३१ स्वयंभू आहे का?

३१चे मूळपण लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही. एका लांब रांगेखेरीज ३१ खुर्च्यांची सारखी मांडणी होत नाही. त्यासाठी अंकही लागत नाहीत. पण ३१ स्वयंभू आहे का, असे कोणी विचारले तर मी आधी विचारीन, संख्या कोणत्या पायावर लिहिली आहे? स्वयंभू संख्यांची कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली मांडली. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि देवळालीला शाळामास्तर होते, म्हणून या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: २४पासून ३० मिळतात, २५पासून ३२. मधल्या ३१ला जनकच नाही, म्हणून ती स्वयंभू. आता जुन्या हिशेबात या. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तोवर रुपया सोळा आण्यांचा होता, म्हणजे पाया १६. ३१ आणे म्हणजे एक रुपया पंधरा आणे. एक रुपया सात आणे घ्या: आणे २३, अंक १ आणि ७, बेरीज ८, तेवीस आणि आठ एकतीस. आण्यांच्या हिशेबात ३१ला जनक सापडला!

मग हा गुणधर्म ३१चा की आपल्या दहा बोटांचा? गणिती हार्डीने १९४०च्या आपल्या पुस्तकात अशा गोष्टींना कोड्यांच्या सदरात बसवले. ८७१२ आणि ९८०१ या आपल्याच उलट्या संख्यांच्या पटीत आहेत, यात त्याला गंभीर गणित दिसले नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. दहाच्या पायाला गणितात काही खास मान नाही. पण म्हणून पाया बदलून पाहणेच सोडायचे, हे मला पटत नाही, कारण कारणे तिथेच सापडतात. पाया ५ किंवा ७ असा विषम घ्या. त्याचे सगळे घात विषम, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही एकदमच सम किंवा विषम असतात, आणि दोहोंची बेरीज नेहमी समच येते. विषम संख्येला जनक मिळणे शक्यच नाही. म्हणजे २ सोडून सगळ्या मूळ संख्या तिथे स्वयंभू! दहाच्या पायात जे नवल होते, ते इथे दोन ओळींत सिद्ध होते.

हार्डीच्या आक्षेपाला याहून मोठे उत्तर गणिती कुमरने १८५२मध्ये देऊन ठेवले आहे, तेही मूळ संख्येलाच पाया करून. सात जणांतून तीन निवडण्याचे मार्ग ३५. निवडलेले ३ आणि उरलेले ४ यांची बेरीज पाचच्या पायात करा, एक हातचा येतो. सातच्या पायातही एक. दोनच्या किंवा तीनच्या पायात हातचा येतच नाही. ३५ला ५ आणि ७ यांनी एकेकदा भाग जातो, २ व ३ यांनी जात नाही. हा योगायोग नव्हे. मूळ संख्येच्या पायात जितके हातचे, तितक्यांदा तिने निवडीच्या मार्गांच्या संख्येला भाग जातो, हाच कुमरचा सिद्धांत. प्राथमिक शाळेतला हातचा इथे भाज्यता मोजतो. याला नुसते कोडे कोण म्हणेल?

शिवाय प्रश्न एका पायाचा न ठेवता सगळ्या पायांचा केला, तर दहाचा पक्षपात उरतच नाही. ३१ द्विमान पद्धतीत १११११, पाचच्या पायात १११. ८१९१ ही दुसरी मूळ संख्या: द्विमानात सलग तेरा एक, आणि नव्वदच्या पायात पुन्हा १११, कारण ८१०० + ९० + १. निदान तीन अंकी अट ठेवून दोन पायांत नुसते एकच एक असलेली तिसरी संख्या अजून सापडलेली नाही, आणि ती नाहीच असेही कोणी सिद्ध केलेले नाही.