वानगी आणि माल

हिंगणघाटच्या कापूस बाजाराशी ज्यांचा संबंध आला, त्यांना 'वानगी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाडीतला मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि साऱ्या गाडीचा भाव बोलायचा, ही तिथली रीत. १९३० चा मालविक्री कायदाही हेच सांगतो की, वानगीवरून सौदा झाला असेल, तर सर्व माल त्या वानगीबरहुकूम असला पाहिजे. बँकेच्या नोकरीत तारण मालाची तपासणी करताना ही शिस्त माझ्या अंगवळणी पडली. त्यामुळे 'ट्रेलरमधले ते दृश्य चित्रपटात नव्हतेच' अशी नातवंडांची तक्रार ऐकली, तेव्हा मला प्रथम वानगीच आठवली.

या गफलतीचे मूळ बहुधा कामाच्या क्रमात असते. ट्रेलर अनेकदा चित्रपटाचे अंतिम संकलन होण्यापूर्वीच तयार होतो, आणि तो करणारे संकलकही पुष्कळदा निराळे असतात. हाती आलेल्या चित्रीकरणातून ते वेधक तुकडे निवडतात. पुढे दिग्दर्शक लांबी कमी करतो, काही प्रसंग गाळतो, काही नव्याने चित्रित करतो. २०१६ च्या 'रोग वन' या इंग्रजी चित्रपटाच्या ट्रेलरमधील कितीतरी दृश्ये अशीच मागे राहिली. कधी कथेतील रहस्य राखण्यासाठी मुद्दाम हुलकावणी दिली जाते, तर कधी एखादे गाणे केवळ प्रसिद्धीसाठीच रचलेले असते.

असेच एक गाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २०१६ च्या 'फॅन' चित्रपटाच्या जाहिरातींतून 'जबरा फॅन' हे गाणे गाजत होते. आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील एक शिक्षिका ते पाहून कुटुंबासह चित्रपटाला गेल्या. पण पडद्यावर गाणे आलेच नाही. त्यांनी ग्राहक मंचाकडे दाद मागितली. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने मात्र १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च मंजूर केला आणि राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम ठेवला. अखेर २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द केले. ट्रेलर ही एकतर्फी जाहिरात आहे. तो करारासाठीचा प्रस्ताव नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

जाहिरात कधीच वचन ठरत नाही, असे मात्र नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना इंग्लंडमधील १८९२ चा 'कार्बोलिक स्मोक बॉल' खटला परिचित असतो. आमचे औषध वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देऊ, असे कंपनीने जाहीर केले होते आणि प्रामाणिकपणाची खूण म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवल्याचेही छापले होते. न्यायालयाने ती जाहिरात बंधनकारक मानली. अमेरिकेतही 'येस्टरडे' चित्रपटाच्या ट्रेलरमधील अभिनेत्री प्रत्यक्षात न दिसल्याने दोन प्रेक्षकांनी दावा लावला. फसव्या जाहिरातीचे कायदे ट्रेलरलाही लागू होऊ शकतात, असे तेथील न्यायाधीशांनी २०२२ मध्ये म्हटले. पुढे तो दावा टिकला नाही.

कलावंताला शेवटच्या क्षणापर्यंत काटछाट करण्याची मोकळीक हवी, हे मला मान्य आहे. चित्रपट म्हणजे कापसाची गाडी नव्हे. तथापि, तिकीट काढणाऱ्याजवळ मालाची पारख करण्याचे फारसे साधन नसते. तो दाखवलेल्यावर विश्वास ठेवतो. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजारातील जोखमीची सूचना द्यावी लागते. तशीच 'यातील काही दृश्ये चित्रपटात नसतील' ही एक ओळ ट्रेलरखाली छापणे मुळीच अवघड नाही. कायद्याने सक्ती केलेली नसतानाही जो व्यापारी ग्राहकाला खरे ते आधी सांगतो, त्याच्याच दुकानाची पायरी गिऱ्हाईक पुन्हा चढते.