वेळासच्या वाळूतून

हरिहरेश्वर सोडून बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवली. सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला पोचलो. नाना फडणवीसांचं हे गाव मार्चमध्ये कासवांसाठी गजबजलेलं असतं.

उजाडताच सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. कुंपणाआड वाळूतल्या खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या. कासवमित्र काकांनी एक टोपली उचलली. वाळू हलत होती. आधी काळसर नाक वर आलं, मग वल्ह्यासारखा एक पाय. दोन पेरांएवढं पिल्लू. नाकाच्या टोकावर अंडं फोडायचा पांढरा टोचा अजून शाबूत. मी नकळत वाकलो.

"हात नका लावू. त्याचं त्याला जाऊ दे," काका म्हणाले.

पूर्वी ही अंडी खणून नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंड्यांवरची वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त, गार राहिली तर नर. समोर लाटेत शिरलेल्या पिल्लांतले नर पुन्हा कधी जमिनीवर येणार नाहीत. सुरुवातीला न थांबता पोहायचं, तेही पोटातल्या उरल्यासुरल्या बलकावर. मग कित्येक वर्षं खुल्या समुद्रात. तिथं जेलीफिश, खेकडे, झिंगे खात पिल्लू चाळीसेक किलोचं होतं.

दुपारी गुहागरची वाट धरली. दाभोळला फेरीची वाट बघताना समोर मच्छीमार बोटी उभ्या होत्या, आणि माझं लक्ष जाळ्यांवरून हलेना. कासव शंभर मीटरहून खोल बुडी मारतं, पण श्वासाला त्याला वर यावंच लागतं. ट्रॉलच्या जाळ्यात अडकलं की समुद्रात जन्म काढलेला हा जीव गुदमरून मरतो. जाळ्यात गजांची चौकट आणि सुटकेची झडप बसवली की कासव बाहेर पडतं. थोडी मासळी निसटते हे खरं; तरी ती झडप प्रत्येक ट्रॉलरला असलीच पाहिजे.

धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. याच किनाऱ्यावर जानेवारी २०२५ मध्ये एक मादी अंडी घालताना दिसली. तिच्या वल्ह्यावरच्या धातूच्या पट्टीवर ०३२३३ हा आकडा होता. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशात बसवलेली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, वाटेतली सगळी जाळी चुकवून ती इथं आली आणि शंभरावर अंडी घालून परत पाण्यात गेली.