‘आपण’ आणि ‘तू’

गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी तीन वर्षे अबोला होता. रागाच्या भरात संगणकावर त्याला पत्र लिहिले. तेही वकिली थाटात, जिथे तिथे ‘आपण’. सकाळी वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. सख्ख्या भावाला का कुणी ‘आपण’ म्हणते?

चिरंजीव म्हणाले, “बाबा, एकेक शब्द कशाला खोडता? कंट्रोल आणि एच एकदम दाबा. वर ‘आपण’ लिहा, खाली ‘तू’. एका दमात सगळे बदलेल.”

बदलले खरे! ‘आपणास’चे ‘तूास’ झाले, त्याचे हसू आले. पण पत्राच्या शेवटी, कसे कोण जाणे, लहानपणीच्या आठवणी उतरल्या होत्या. तिथे आता होते : ‘तू विहिरीत पोहायला शिकलो. तू आईच्या उशाशी रात्रभर जागलो.’

दोघांना कवेत घेणारा ‘आपण’ही त्याच अक्षरांनी लिहितात, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कोण सांगणार?

कंट्रोल-झेड दाबले. सारे ‘आपण’ मुकाट परतले. मग एकेकापाशी थांबत बसलो : हा बदल, हा राहू दे. अकरा वाजले. सहा ‘आपण’ राहिले.

पाकिटावरचा पत्ता तेवढा हाताने लिहिला.