पंधरा दिवसांची लीग आणि वरकसातलं गवत

आज ६ जुलै, आषाढी एकादशी. लावणीला सुट्टी दिलीय, कंबरेलाही. यंदा पावसाने २६ मेलाच मुंबई गाठली, धूळपेरणीला सवड मिळाली नाही. आवण कसंबसं तयार झालं, त्याचं रडगाणं मागच्या नोंदीत गायलंय. आज रग्बीचं सांगतो. हसू नका, शेवटी शेतातच येणार आहे.

माझा पुतण्या सतरा वर्षांचा. आधी गावच्या मंडळात कबड्डी खेळायचा, दोन वर्षं झाली, रग्बी खेळतो. जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, १५ ते २९ जून, सहा संघ. भारतात असली फ्रँचायझी लीग पहिल्यांदाच. पोरगं मागे लागलं, "काका, येकदा येऊन बगा तरी." आवणाला पाणी होतं, म्हटलं चल. हार्बरने वडाळा, तिथून अंधेरी, मग मेट्रोने आझाद नगर.

आता खेळ. एका बाजूला सात जण, आपल्या कबड्डीसारखे. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास द्यायचा तो मागेच, पुढे फेकला की चूक. समोरच्याने कंबरेला मिठी मारून पाडायचं. हे पाहिलं आणि मला खेळ कळला, ही तर आपली पकड! रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. या लीगमध्ये चार-चार मिनिटांचे चार डाव, सोळा मिनिटांत सामना खलास. विडा लावेपर्यंत एक संपलेला.

पुढे चेन्नई बुल्सने दिल्ली रेड्झला ४१-० हरवून कप नेला. परदेशी खेळाडू वाऱ्यासारखे पळत होते. पण मी आपल्या पोरांकडे बघत होतो. परतीच्या गाडीत पुतण्याला विचारलं, "आता पुढं काय?" म्हणाला, "काय नाय काका, आता पुढल्या वर्षी."

हेच मला खटकलं. पंधरा दिवस दिवे, टीव्ही, गाणी. आणि उरलेले साडेअकरा महिने? मुंबईत रग्बी काही कालची नाही. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, तिथे हा खेळ कित्येक पिढ्यांपासून चालतो. तरी भारताचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ साली. त्या संघात सिनेमातले राहुल बोस होते, आज तेच रग्बी इंडियाचे अध्यक्ष आहेत. इतकी वर्षं का लागली? माझ्या अडाणी डोक्याला एवढंच कळतं, की लावणी दोन आठवड्यांत होते, पण हातात आवण असेल तर. आवणच नसेल तर चिखलणी करून उपयोग काय? लीग ही लावणी आहे. आवण गावोगावच्या मैदानात तयार होतं.

आणि मैदान आहे कुठे? पनवेलच्या आजूबाजूला आमच्या लहानपणी भात कापलं की सगळी शेतं मैदानंच असायची. आता विमानतळ, गोदामं, इमारती. ही पोरं रस्त्याकडेच्या मोकळ्या प्लॉटवर, खडीत सराव करतात. कबड्डीत लंगडी माती चालते, रग्बीत अंगावर पडायचं असतं, गवत पाहिजे. पुतण्याचे कोपर बघितले की वहिनी माझ्याशी भांडते.

आता खरी गोष्ट. माझं एक एकर वरकस आहे, गवताचं. एक कंटेनर यार्डवाला वर्षभर मागे लागलाय. महिन्याला भाडं देतो म्हणतो, ते भातापेक्षा जास्तच होईल. फक्त मुरूम टाकून सपाट करणार. मुलीचं कॉलेज आहे, सोसायटीचं कर्ज आहे, मोह होतोच. पण मुरूम पडला की ते गवत परत माझ्या हयातीत उगवत नाही.

रग्बीचं पूर्ण मैदान १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, म्हणजे ६९ गुंठे. माझे ४० गुंठे. पूर्ण होत नाही, सरावाला होतं. यार्डवाल्याला सांगितलंय, मेपर्यंत नाही. दिवाळीनंतर गवत कापलं की पोरांना जागा द्यायची. मेमध्ये बघू, किती पोरं टिकली. दहा टिकली तर पुढचं वर्षही त्यांचं. नाही टिकली तर मला परत विचार करावा लागेल, खोटं कशाला बोलू.

आणि एक गंमत. मैदानासाठी बर्म्युडा म्हणून जे गवत विकतात, ती आपली हरळी. जन्मभर बांधावरून उपटत आलो, आता लावायला निघालोय! कुणी वरकसात मुद्दाम हरळी वाढवली असेल तर सांगा, पाऊस असतानाच लावू का, की उघडीप बघू?

उद्यापासून परत लावणी. पुतण्या येणार आहे, कंबर वाकवायची सवय त्याला झालीच आहे.