खेळू द्या, विचारू नका

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना सल्ला देण्याची मोठी खोड. भाताला युरिया किती, खोडकिडीला काय फवारावे, हे कोणी विचारण्याआधीच आम्ही सांगून मोकळे होतो. ही खोड घरातल्याच एका लेकराला कशी नडली, ते आज सांगतो.

भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावरल्या मुर्धे गावात माझी थोरली बहीण दिलेली. तिचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मागे बायको आणि सहा वर्षांचा पोर. दिवसकार्य उरकले, पण पोराने बोलणेच टाकले. रात्री अंथरूण ओले करी. कोणी म्हणे बाहेरचे आहे, कोणी म्हणे दृष्ट काढा. मी त्याला रोज समोर बसवून विचारी, "बाळा, काय होतंय? बोल ना!" पोर आणखीच मिटे.

शेवटी सूनबाईने त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या बाईंनी वाळूची पेटी, लहान गाड्या, बाहुल्या पुढे ठेवल्या आणि गप्प बसल्या. मनात आले, एवढ्यासाठी गाडीभाडे खर्चले!

बाईंनी मग समजावले. मोठा माणूस दुःख बोलून दाखवतो, मूल खेळून दाखवते. लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२९ च्या सुमारास अशीच वाळूची पेटी मुलांपुढे ठेवली. अमेरिकेच्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ च्या पुस्तकात सांगितले, की खेळात मूल पुढे, मोठा मागे. काही जण उलट करतात, खेळ स्वतः ठरवतात आणि मुलाची भीती बाहुलीच्या तोंडून वदवतात. आपल्या घरांना सोयीची रीत मात्र तिसरी. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने १९६० च्या दशकात आईबापांनाच असे खेळायला शिकवले. आठवड्यातून अर्धा तास, ठरल्या वेळी. मारायचे नाही, मोडायचे नाही, एवढाच नियम. प्रश्न नाहीत, सुधारणा नाहीत.

खेळणी विकत घ्यायला नकोत. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला १९५७ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, खडे अशा परिसरातल्याच वस्तूंवर आदिवासी मुलांची बालवाडी चालवली. ते शिक्षण होते, उपचार नव्हे. पण वस्तू त्याच चालतात.

अंगणात चार घमेली रेती टाकली. दर रविवारी सूनबाई शेजारी बसे. पोर लाल गाडी पुरी, उकरी, पुन्हा पुरी. ती एवढेच म्हणे, "गाडी पुरलीस." एकदा मला राहवेना. "अरे, गाडी रस्त्यावर चालवतात," म्हणत मी ती उकरून वर ठेवली. पोर उठून गेले. दोन रविवार रेतीकडे फिरकले नाही. बहीण म्हणाली, "तुझं खातं तुझ्या शेतात ठेव!"

मूल खातपीत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर मात्र घरच्या खेळावर विसंबू नका. डॉक्टरांकडे न्या. मनाच्या तक्रारींसाठी सरकारचा १४४१६ हा फुकट दूरध्वनीही २०२२ पासून आहे.

तिसऱ्या रविवारी मी लांब ओटीवर बसलो, तोंड मिटून. पोराने गाडी पुरली, वर तांब्याभर पाणी ओतले. बराच वेळ बघत बसले. मग कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज कानी आला.

"आजोबा, खुरपं द्या."

मी दिले. कशाला, ते विचारले नाही.