भिंतीवरचं घड्याळ आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा

मंडळी, प्रोग्रॅममधल्या वस्तूंनाही आयुष्य असतं, आणि ते किती असावं हे आधी सांगून ठेवावं लागतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. शिकवलं नातीने.

ती आमच्या भरे गावातून स्कूटरवर हिंजवडीला जाते, एका कंपनीत (नाव कशाला?). दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रोबेशन संपायला महिना राहिला आणि तिने केलेलं एक काम अडलं. पहिल्या माणसाला नीट चालायचं, दुसरा आला की बंद. घरी ती एकटीच तपासायची, त्यामुळे चूक दिसायचीच नाही. मीटिंगमध्ये इंग्रजीत धड सांगता येत नाही म्हणून गप्प बसायची. "आजी, नोकरी सोडू का?" इथवर गोष्ट आली. म्हटलं, आधी मला मराठीत सांग बघू.

प्रोग्रॅमच्या एका भागाला काम करायला दुसरे भाग लागतात. ते त्याने स्वतः घडवायचे नाहीत, बाहेरून कोणी आणून द्यायचे. याला म्हणतात डिपेंडन्सी इंजेक्शन. हे नाव रुळलं मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधल्या लेखाने. (इंजेक्शन म्हटल्यावर मी आधी दंडच चोळला!) नात मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर काम करते. तिथे आणून देणाऱ्याला कंटेनर म्हणतात आणि वस्तूंची आयुष्यं तीन: सिंगलटन, स्कोप्ड, ट्रान्झियंट.

मी बोर्डाच्या परीक्षेला इतकी वर्षं पर्यवेक्षण केलंय की मला लगेच वर्गच दिसला. भिंतीवरचं घड्याळ सगळ्या पेपरांना एकच, ते सिंगलटन. उत्तरपत्रिका एका मुलाला एका पेपरपुरती, तीन तास तीच, ती स्कोप्ड. पुरवणी हात वर केला की दर वेळी कोरी, ती ट्रान्झियंट.

तिची अडचण अशी, की एकाच कामाला दोन वस्तू होत्या, एक घड्याळासारखी कायमची, दुसरी उत्तरपत्रिकेसारखी तात्पुरती. कोणती द्यायची ते माणूस समोर आल्यावरच ठरणार. निवडणारा स्वतःच कायमचा असला आणि त्याने एक उत्तरपत्रिका हातात धरून ठेवली, तर पहिल्या मुलाची उत्तरपत्रिका पुढच्या प्रत्येकाला जाईल. हा धोका तिला ठाऊक होता. म्हणून निवड करणारी नोंद तिने स्कोप्ड ठेवली होती. मग तरी का अडावं?

कंटेनरला एक सवय आहे. एक माणूस गेला की त्याच्यासाठी ‘स्कोप्ड’ म्हणून बाहेर काढलेल्या, आवरता येण्याजोग्या वस्तू तो आवरून टाकतो. तिची नोंद कधीकधी घड्याळच काढून द्यायची, पण वर चिठ्ठी ‘या पेपरपुरतं’ अशी. मी विचारलं, "म्हणजे पेपर संपल्यावर शिपायाने उत्तरपत्रिकांबरोबर घड्याळही गठ्ठ्यात बांधलं का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. पहिली पाळी ठीक, दुसऱ्या पाळीला भिंत रिकामी!

मग तिने रात्री बसून बदल केला. आता निवडणारी एक छोटी वस्तू असते, तीच स्कोप्ड. ती फक्त बोट दाखवते आणि दोन्ही वस्तू आपापल्या मूळ नोंदीनेच मागवते. निवडणारी जाते, घड्याळ भिंतीवर राहतं. शिवाय दोन्ही आधीच मागवायच्या नाहीत, जी लागेल तीच. (नोव्हेंबर २०२३ च्या डॉटनेट ८ पासून अशा जुळ्या वस्तूंना वेगवेगळी किल्ली देऊन मागता येतं, पण तिच्या कंपनीत अजून जुनी आवृत्ती आहे म्हणे.)

सोमवारी मीटिंगमध्ये तिने हे सगळं सांगितलं, फळ्यावर वर्ग काढून. इंग्रजी अडखळलं, पण कोणी मध्ये थांबवलं नाही. प्रोबेशनचं पत्र अजून यायचंय. ‘सोडू का’ हा विषय मात्र त्यानंतर घरात निघालेला नाही.

आमचा दुसरा वाद अजून चालू आहे. स्कोपला मी ‘व्याप्ती’ म्हटलं, ती म्हणते ‘मुदत’. मला तिचाच शब्द पटला. इंजेक्शनला कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. ‘टोचणी’ सोडून!