शुद्ध भाषेचे गाव

पौषातली सकाळ होती. करोंदच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी उन्हात बसले होते. खाली मंडीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची खडखड चालू होती. नात वही घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, चिनी शिकायला कुठल्या गावी जाऊ, ते तू सांग." सांचीच्या विद्यापीठात तिचे चिनी भाषेचे शिक्षण चालू आहे. आता वर्षभर ती भाषा जिथे बोलली जाते तिथे राहून यावे, असा तिचा मनसुबा. वहीत चार नावे होती : बीजिंग, हार्बिन, सिंगापूर आणि तैपेई.

"बीजिंग," मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले. "जिथली भाषा शुद्ध, तिथेच ती शिकावी."

उत्तर इतक्या तत्परतेने आले की माझे मलाच त्याचे नवल वाटले. चिनी भाषेतले मला ओ की ठो कळत नाही. मँडरिन हा शब्द मात्र आपल्याच 'मंत्री'पासून निघाला, मलयात गेला आणि पोर्तुगीजांच्या तोंडी बसून जगभर पसरला, एवढे वाचलेले होते. पण शुद्ध भाषेचे एक गाव असते आणि तिथे जावे लागते, ही समजूत माझ्या मनात फार जुनी आहे.

नातीने शांतपणे माहिती पुरवली. प्रमाण चिनीचे उच्चार बीजिंगच्या बोलीवर बेतलेले आहेत हे खरे. पण त्या शहराच्या गल्ल्यांतले लोक शब्दाच्या शेवटी जीभ अशी वळवतात की परक्याला अर्धे वाक्य कळत नाही. बीजिंगचा मोठेपणा ती नाकारत नव्हती. १९४७ साली भारत सरकारने ज्या विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठात पाठवले त्यांत वसंत परांजपे होते, आणि १९५४ मध्ये नेहरू व माओ समोरासमोर बसले तेव्हा त्या दोघांमध्ये दुभाषा म्हणून हाच मराठी माणूस होता. हे ऐकून मी अर्थातच माझा मुद्दा पुन्हा रेटला.

मग हार्बिनचा विषय निघाला. स्वच्छ उच्चारांसाठी त्या शहराची ख्याती आहे. जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो, म्हणून तिच्या आईने ते नाव आधीच बाद केले होते. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार गमतीची वाटली. हार्बिन काही प्राचीन नगर नव्हे. १८९८ पासून रशियनांनी रेल्वे घातली आणि तिच्या काठाने ते वाढले. शांतुंग, हेबेईकडून पोटासाठी निघालेल्या माणसांनी तो सारा मुलूख भरला. म्हणजे ज्यांच्या उच्चारांचे कौतुक, ते सगळे बाहेरून आलेले!

सिंगापूरवर आम्ही फार वेळ घालवला नाही. तिथल्या सरकारला १९७९ मध्ये आपल्याच चिनी नागरिकांनी मँडरिन बोलावे म्हणून मोहीम काढावी लागली होती, आणि परक्याने अडखळत विचारले की उत्तर इंग्रजीत येते. जिथे आपली अडचण दुसऱ्या भाषेत सुटते, तिथे नवी भाषा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

नातीच्या मनात तैपेई होते. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, आणि तिथल्या नॉर्मल विद्यापीठाचे भाषाकेंद्र १९५६ पासून परदेशी लोकांना मँडरिन शिकवते आहे. १९५६ म्हणताच मी कान टवकारले. आपल्यापैकी कितीतरी घरांचा शक त्या वर्षापासून सुरू होतो. १ नोव्हेंबरला भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरच्या कचेऱ्यांतली माणसे फायलींच्या पेट्यांसह इथे आली. माझे वडीलही त्यांतलेच. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

"पण तैपेईची चिनी शुद्ध असते का?" मी विचारले.

"नसते," ती हसून म्हणाली. "तिथे पुष्कळ लोक 'श'चा 'स' करतात. १९४९ च्या सुमारास मुख्य भूमीवरून लाखो माणसे आली, प्रत्येकाची बोली निराळी. बेटावर आधीपासून राहणाऱ्यांची भाषा तर वेगळीच. त्यांच्या मुलांना शाळेत ती बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. सगळ्यांची मिळून जी मँडरिन झाली, ती ही. पण लिपी त्यांनी जुनीच ठेवली. चीनने १९५६ पासून अक्षरे सोपी केली, यांनी नाही केली."

लाखोंनी आलेली माणसे, सरमिसळ झालेली बोली, आणि जपून ठेवलेले काहीतरी जुने. मी गप्प झाले. तिला वाटले, माझे समाधान झाले नाही. मला आठवत होते ते पुणे.

१९७० साली एम. ए.साठी नागपूर की पुणे, असा प्रश्न माझ्यापुढे होता. नागपुरात आत्या होती, राहण्याखाण्याची सोय होती. मी हट्टाने पुणे निवडले, कारण मराठी तिथली. पहिल्याच आठवड्यात वर्गात कोणीतरी हाक मारली आणि मी म्हणाले, "येऊन राहिली आहे ना!" सारा वर्ग हसला. त्यात दुष्टपणा होता असे आज वाटत नाही. पण पुढची दोन वर्षे मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासत असे, आणि तपासून होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून जाई. शुद्ध भाषेच्या गावात मी लिहायला शिकले. बोलायचे मात्र जवळजवळ विसरले.

हेही एक वेळ चालले असते. परत आल्यावर, एकदा पाहुणे बसलेले असताना वडील म्हणाले, "मी तुला सकाळपासून सांगून राहिलो..." आणि मी त्यांचे वाक्य सगळ्यांदेखत दुरुस्त केले. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर माझ्याशी बोलताना ते क्षणभर थांबत, शब्द चाचपून पाहत. अखेरपर्यंत थांबत. त्यांची क्षमा मागायचे माझे राहूनच गेले.

मग मीच नातीला डॉ. कोटणीसांविषयी सांगू लागले. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आमच्या घरी अभिमानाने सांगितले जाई. कोटणीसांना शहर निवडायचे नव्हते. येनान, मग हेबेईची खेडी, जिथे जखमी सैनिक तिथे दवाखाना. त्या माणसांच्या कण्हण्यातून आणि गप्पांतून ते चिनी शिकले, इतके की वैद्यकाचे वर्ग त्या भाषेत घेऊ लागले. लग्न तिथेच केले. मुलाचे नाव यिनह्वा ठेवले, यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचे उच्चार कुठल्या गावचे होते, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मुलाची, म्हणजे तिच्या वडिलांची, चिंता निराळी. २०२० मध्ये चीनने परदेशी विद्यार्थ्यांना दारे बंद केली, ती आपल्या मुलांसाठी २०२२ च्या ऑगस्टपर्यंत उघडली नाहीत. आणि तैवानच्या सामुद्रधुनीतल्या लढाऊ जहाजांच्या बातम्या तो रोज वाचतो. त्याला मी काय उत्तर देणार? अर्ज तैपेईला गेला आहे. निकाल यायचा आहे.

दरम्यान घरात एक नवेच प्रकरण सुरू झाले आहे. चिनीत आपल्या 'चांगला'मधला 'च' आहे आणि 'चार'मधलाही आहे. हिंदीत पहिला नाही. भोपाळात वाढलेल्या आमच्या मुलांचा तो कधीच गेला, आणि मीही, पुण्याची आठवण असल्यामुळे, नातीला कधी टोकले नाही. आता ती स्वतःच माझ्यासमोर बसते आणि मला 'चांगला, चाक, चूल' म्हणायला लावते, माझ्या ओठांकडे पाहत. निरोपाच्या चिनी शब्दात हे दोन्ही 'च' लागोपाठ येतात : चाइच्येन. पुन्हा भेटू, असा त्याचा अर्थ. आपल्यातही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, हे मी तिला सांगितले.

काल संध्याकाळी ती बाहेर पडताना दारातून म्हणाली, "चाइच्येन, आजी." पहिला 'च' अजून हिंदीच होता. मी तो दुरुस्त केला नाही. ती जिन्यात थांबली, स्वतःशीच दोनदा पुटपुटली आणि खालून मोठ्याने पुन्हा म्हणाली.